रेडिसचं बारसं

बुधवारी रात्री जेवणं झाल्यावर मी टेबलावरच लॅपटॉप उघडला आणि ऑफिसातल्या ज्युनिअर मुलीला फोनवर सांगितलं, "सगळ्या कीज बदलायच्यात, आजच." फोन ठेवतोय तोच आई म्हणाली, "हरवल्यास ना किल्ल्या? तरी सांगत असते, दारामागच्या खिळ्याला लावत जा."

म्हटलं, "अगं, किल्ल्या नव्हेत. एक फाइल असते, वाण्याच्या वहीसारखी. डावीकडे नाव, उजवीकडे त्याची किंमत. डावीकडच्या नावाला की म्हणतात. ती नावं बदलायची आहेत."

"आणि किंमत?"

"तीच राहते."

"मग बदलता कशाला?"

2022 च्या नोव्हेंबरात, जावाचे प्रोग्रॅम ज्याच्यावर उभे करतात त्या स्प्रिंग बूटची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा जावा लिहिणाऱ्या पुष्कळांच्या तोंडी हाच प्रश्न होता. आमच्याकडे तो पडायला दोन वर्षं जास्त लागली, कारण आम्ही 'पुढच्या तिमाहीत बघू' पंथाचे.

रेडिस म्हणजे मिसळणाचा डबा. दरवेळी कोठीच्या खोलीत जायला नको म्हणून वारंवार लागणारी माहिती त्यात हाताशी ठेवायची. हा डबा कुठे आहे ते सांगणाऱ्या कीचं नाव इतकी वर्षं 'स्प्रिंग डॉट रेडिस डॉट होस्ट' होतं. नव्या आवृत्तीत ते 'स्प्रिंग डॉट डेटा डॉट रेडिस डॉट होस्ट' झालं. मधे वडिलांचं नाव आलं, पासपोर्टच्या अर्जात लिहितात तसं. कारणही दिलं होतं: ही जोडणी 'स्प्रिंग डेटा'शिवाय चालत नाही, तर त्याचं नाव लावा. पटलं. पण त्याच आवृत्तीत कॅसँड्रा नावाच्या डेटाबेसच्या कीमधला 'डेटा' काढून टाकला! त्यालाही त्यांच्याकडे कारण असणारच. पण एकाच दिवशी भावाला बापाचं नाव लावायचं आणि बहिणीचं पुसायचं, हे आमच्या भावकीत झालं असतं तर तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसल्या असत्या.

हातानं बदलायचं म्हटलं तर आमच्या चौदा सर्व्हिसेस. सरसकट 'शोधा आणि बदला' करून मी पूर्वी पोळलेलो आहे. इंग्रजीत 'रेडिस्ट्रिब्यूट' या शब्दाच्या सुरुवातीलाच 'रेडिस' दडलेला असतो. त्याच नावाच्या एका बिचाऱ्या फंक्शनचं मी जे केलं होतं, ते निस्तरताना एक शनिवार गेला.

म्हणून या वेळी प्लगइन. ओपनरीराइट नावाचं हे साधन मेवनला, म्हणजे जावाचे प्रोजेक्ट बांधणाऱ्या साधनाला, जोडता येतं आणि त्यात कामाच्या पाककृती तयार मिळतात. त्यांना रेसिपीच म्हणतात. आधी ड्राय रन करायचा, म्हणजे कोरडी तालीम: काय काय बदलेल ते दिसतं, बदलत काहीच नाही. मग खरा प्रयोग. बारशात नाव ठेवायचा मान आत्याचा. आमच्या या आत्यानं एकेका फाइलच्या कानात कुर्रर्र केलं आणि चहा उकळेपर्यंत चौदा बारशी उरकली. पाठीत धपाटे नाहीत, साडी नाही की मानपान नाही. माझ्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत चाललं. मी झोपलो.

सकाळी टेस्टिंग सर्व्हरवर रेडिस सापडेना.

दुपारी अडीचला उलगडा झाला. आत्यानं प्रोजेक्टमधल्या सगळ्या फाइली चोख बदलल्या होत्या. पण रेडिसचा पत्ता आमच्या फाइलीत नव्हताच. तो होता सर्व्हरवरच्या एका स्क्रिप्टमधे, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून. म्हणजे तेच जुनं नाव, सगळं कॅपिटलमधे आणि डॉटच्या जागी अंडरस्कोअर. स्क्रिप्ट कुणाची? नोकरी सोडून गेलेल्या माणसाची. तिथवर आत्याला आमंत्रणच नव्हतं, आणि ते द्यायचं काम माझं होतं. आत्यानं काहीही नाव ठेवू दे, घरातले आजोबा 'बाळ्या'च म्हणतात, तशी ती स्क्रिप्ट जुन्याच नावानं हाका मारत होती. शहराचं नाव 1995 साली अधिकृतपणे मुंबई झालं, तरी विमानतळावर बॅगेला आजही बी-ओ-एमच चिकटतं, तसंच हे.

वाईट म्हणजे, अनोळखी नाव दिसलं की हे सॉफ्टवेअर 'कोण पाहिजे?' एवढंही विचारत नाही. गप्प बसतं, आणि पत्ता मिळाला नाही की लोकलहोस्टवर, म्हणजे स्वतःच्याच घरात, रेडिस शोधायला लागतं. माझ्या लॅपटॉपवर घरातच रेडिस होता, म्हणून रात्री सगळं आलबेल.

संध्याकाळी हे आईला सांगितलं. ती गवार मोडत होती. म्हणाली, "किल्ली बदललीस आणि कुलूप तसंच ठेवलंस." बरं झालं, हे मॅनेजरच्या आधी तिनंच म्हटलं.

तिच्या लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं होतं. पन्नास वर्षं होत आली. तिचा भाऊ, म्हणजे माझा मामा, अजून जुन्याच नावानं फोन करतो.

"मग तू काय करतेस?" मी विचारलं.

"काय करायचंय? दोन्ही नावांना ओ देते."

स्क्रिप्टमधे आता दोन्ही नावं एकाखाली एक लिहिली आहेत, पत्ता तोच. जुनं पुसायचं आहे. पुढच्या तिमाहीत बघू.