खापर माउसच्या माथी

हैदराबादच्या जामबागेत हल्ली कुणी हरत नाही. माउस लॅग होतो.

व्हॅलोरंट या गेममध्ये डोक्यात गोळी बसली रे बसली की खुर्चीतून पहिली आरोळी उठते ती माउसच्या नावानं. पूर्वी ही कामगिरी कॅरमची पावडर आणि गल्लीतला अंपायर चोख बजावत असत. अंपायरला शिव्या घालायला पैसे पडत नव्हते, नव्या माउसला पडतात. म्हणून आधी आईकडे अर्ज, मग बाबांकडे अपील, शेवटी आजोबांकडे दयेची याचना. मंजुरी मिळाली की वरात निघते कोटीतल्या गुजराती गल्लीत, नाहीतर थेट सिकंदराबादला, पार्क लेनच्या सीटीसी या संगणक-बाजारात. काउंटरवरचा भाई तक्रार पुरती ऐकतही नाही. "ये लेलो, मक्खन चलेगा." दोन दिवस खरंच मक्खन. तिसऱ्या दिवशी, "आई, हा पण अटकतोय." आता संशय रॅमवर.

केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्या मंडळींनी १९०७ साली विवेकवर्धिनी सुरू केली, ती शिक्षणसंस्था याच जामबागेत उभी आहे. तिच्या शेजारपाजारच्या घरांत आज पावती नीट तपासली जाते, कारण मात्र कुणी तपासत नाही.

तर आधी हिशोब. साधा यूएसबी माउस सेकंदाला १२५ वेळा संगणकाला आपला ठावठिकाणा कळवतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी एकदा. गेमिंगचा महागडा माउस १,००० वेळा कळवतो, दर मिलिसेकंदाला एकदा. फरक झाला फार तर ७ मिलिसेकंदांचा. पुढे प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर अशी सगळी साखळी आहे. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेमच १६.७ मिलिसेकंद खाते. त्यात व्ही-सिंक चालू असला, तर चित्र मधोमध फाटू नये म्हणून तयार फ्रेम थोपवून धरली जाते, आणि दोन-तीन फ्रेम रांगेत साचल्या की ३० ते ५० मिलिसेकंद गेले. ज्या खिडकीतून पन्नास जातात ती उघडी ठेवायची, आणि सात अडवायला सात हजार मोजायचे. याला आपल्याकडे अपग्रेड म्हणतात.

दुखण्याचं निदान फुकट होतं, हीच त्याची मोठी अडचण. फुकटावर विश्वास कोण ठेवणार? तरी सांगतो. गेममधून बाहेर या आणि डेस्कटॉपवर बाण गोल गोल फिरवा. तिथंही अडखळला, तर दोष माउस, पोर्ट, रिसिव्हर किंवा खालच्या पृष्ठभागाकडे असण्याची शक्यता जास्त. तिथं सुरळीत आणि गेममध्येच झटके, तर फ्रेम अडकताहेत. आणि आपली नजर झकास वळतेय, पण समोरचा शत्रू इथून गायब होऊन तिथं उगवतोय, तर तो इंटरनेटचा प्रताप. त्यात माउसचा काडीचाही संबंध नाही. ही तीन वेगळी दुखणी आहेत. आपण तिघांना मिळून 'लॅग' म्हणतो आणि तिघांवर एकच औषध देतो: खरेदी.

पहिल्या दुखण्याचा रुग्ण प्रत्यक्ष पाहिला. वायरलेस माउस, इवलासा रिसिव्हर कॅबिनेटच्या पाठीमागे खोचलेला, त्याला चिकटून निळ्या पोर्टात बाहेरची हार्ड डिस्क, आणि मागे गोदरेजचं लोखंडी कपाट. यूएसबी ३ च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट होतो, हे इंटेलनं २०१२ सालीच लिहून ठेवलंय. नेमक्या त्याच पट्ट्यात बिचारा वायरलेस माउस बोलत असतो. गोंगाटात कुजबुज ऐकू आली नाही की बाण उड्या मारतो. इलाज: साधी यूएसबी एक्स्टेन्शन वायर, रिसिव्हर टेबलावर, माउसपासून वीतभर अंतरावर. खर्च इतका किरकोळ की घरात कुणाला तो इलाज वाटेचना. त्याच टेबलावर आईनं काच टाकलेली, आणि काचेखाली कुटुंबाचे फोटो. साध्या ऑप्टिकल माउसला काच नीट दिसत नाही. खाली कापडी पॅड सरकवला, फोटो झाकले गेले, बाण सरळ चालू लागला. घरात नाराजी पसरली ती फोटोंवरून.

दुसऱ्या दुखण्यात तर करमणूक आहे. १४४ हर्ट्झचा मॉनिटर हट्टानं घेतलेला असतो. विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये बघावं तर आकडा ६०. विकत घेतल्या दिवसापासून ६०! काही घरांत ग्राफिक्स कार्ड आतमध्ये दिमाखात बसलेलं, त्याचे दिवे लुकलुकतात, आणि एचडीएमआयची वायर मात्र मदरबोर्डच्या पोर्टात. कार्ड शोभेला, राबतोय दुसराच. मराठी माणसाला हे दृश्य तसं अपरिचित नाही.

आता फॅशन आली आहे ८,००० हर्ट्झच्या माउसची. सेकंदाला आठ हजार निरोप. आत प्रोसेसर पाच-सात वर्षांचा. तो निरोप घेत बसला, तर गेम कधी चालवणार? मग झटके सुरू होतात, आणि दोष पुन्हा दुसऱ्याच कशाला तरी जातो. माउसच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडा १,००० वर आणला की बरेचदा विषय मिटतो. पण आठ हजारांचे पैसे देऊन एक हजार वापरायचे म्हणजे जिवावर येतं.

गेम पहिली वीस मिनिटं लोण्यासारखा आणि मग धक्के, अशी तक्रार एप्रिल-मे महिन्यांत वाढते. हैदराबादचा उन्हाळा, कोटीच्या रहदारीची धूळ, आणि पंख्यामागच्या पात्यांवर जमलेली जाड गोधडी. प्रोसेसर शंभर अंशांच्या घरात पोचला की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. त्याला अक्कल आहे. लॅपटॉप गादीवर ठेवून त्याच्या खालच्या फटी बुजवणाऱ्याबद्दल असं म्हणता येत नाही. मशीन बंद करून, प्लग काढून, पंखा बोटानं धरून ब्लोअर मारायचा. जी माउली दर शनिवारी देव्हारा लख्ख करते, तिच्या घरात कॅबिनेट उघडायला मात्र मुहूर्त सापडत नाही.

बाकी किरकोळ गुन्हेगार बरेच आहेत. मागे चाललेलं अँटिव्हायरसचं स्कॅन, कुणीही न बघणारं गेमचं रेकॉर्डिंग, ब्राउझरच्या चाळीसेक टॅब. लॅपटॉप चार्जरविना बॅटरीवर चालवणं. 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन'ची खूण, जी काढली की हाताच्या वेगाप्रमाणे बाणाचं अंतर बदलत नाही. ड्रायव्हर नवा टाकल्यावर पहिल्या एक-दोन डावांत शेडर तयार होताना झटके येतात, तेव्हा थोडा दम धरायचा असतो. गेममध्ये एनव्हिडियाचं 'रिफ्लेक्स' असेल, तर ते चालू करायचं. २०२० पासून हे सेटिंग रांगेत साचणाऱ्या फ्रेमचाच बंदोबस्त करतंय, आणि तेही पैसे न मागता.

यात नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तपासा. आपले वीर एका रात्रीत दहा सेटिंग फिरवतात, विंडोज पुन्हा टाकतात, रजिस्ट्रीत हात घालतात आणि सकाळी मला विचारतात, "मामा, आता आवाजपण येईना, काय करू?"

माउस कधीच दोषी नसतो, असं नाही. एकदा क्लिक केल्यावर दोनदा पडत असेल, तर आतला स्विच झिजला आहे. केबल मुरगळली की बाण गायब होत असेल, तर ती तुटली आहे. तेव्हा खुशाल नवा घ्या. आणखी एक आकडा जाता जाता: डोळ्यानं पाहिल्यापासून बोट दाबेपर्यंत माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात, आणि त्यावर कुठल्याच दुकानात वॉरंटी नाही.

तरीही सीटीसीची पायरी चढलातच, तर काउंटरवरच्या भाईला एवढंच विचारा, "ह्यानं किती मिलिसेकंद वाचतील?" त्याचं उत्तर यायला जितका वेळ लागेल, तितका लॅग कुठल्याच माउसमध्ये सापडणार नाही.