पाव आटा

मुलगा अमेरिकेत गॅरेजमध्ये बसून पिस्तुलाच्या गोळ्या भरतो, ही बातमी गोंदियाजवळ मुर्रीला आमच्या घरी आली तेव्हा सौभाग्यवतीने पहिला प्रश्न विचारला, "नोकरी गेली काय त्याची?"

नोकरी शाबूत होती. ग्रीन कार्डही आलं होतं. ते आलं म्हणूनच पिस्तूल आलं, आणि पिस्तूल आलं म्हणून शनिवारच्या नेमबाजीच्या स्पर्धा आल्या. एका शनिवारी दोनशे गोळ्या उडतात म्हणे. दुकानातल्या गोळ्या परवडेनात, तेव्हा चिरंजीवांनी उडालेल्या गोळ्यांची पितळी नळकांडी वेचून आणायला आणि घरीच पुन्हा भरायला सुरुवात केली. तिकडे याला छंद म्हणतात. आपल्याकडे गोळी म्हटली की खडकीचा कारखाना. तो 1869 पासून सरकारी भिंतीआड आहे आणि भिंतीवर आत न येण्याची पाटी आहे. गोंदिया जिल्ह्यात कोणी हा छंद लावून घेतला, तर त्याच्या घरी पहिला पाहुणा कोण येईल हे सांगायला नको. म्हणून शेजारीपाजारी मी एवढंच सांगितलं, की पोरगं सुटीच्या दिवशी फिटिंगचं काम करते. लोकांना वाईट वाटलं. एवढा शिकला आणि शेवटी बापाच्याच धंद्यात आला!

बापाचा धंदा म्हणजे राईस मिलचा मिस्त्री. गोंदियाच्या आसपासच्या मिलांमध्ये मी अडतीस वर्षं काढली. काम तसं एका वाक्यात सांगता येतं: दोन रबरी रोल, एक जरा जोरात फिरणारा, एक जरा मागे राहणारा, आणि त्यांच्यातली फट. त्या फटीतून धान जातं आणि तूस सुटतं. फट सैल राहिली तर धान जसंच्या तसं खाली येतं. फट आवळली तर तांदळाची कणी होते आणि मालकाचं तोंड पाहवत नाही. सरकारी भरडाईत शंभर किलो धानाला सदुसष्ट किलो तांदूळ द्यावा लागतो, म्हणजे मालकाचा सगळा संसार त्या फटीत अडकलेला. अडतीस वर्षं मी हाताखालच्या पोरांना एकच मंत्र दिला: "आवळू नोको रे. आवळनं सोपं हाय, सोडनं कठीन हाय."

सहा महिन्यांच्या व्हिसावर आम्ही दोघं डॅलसजवळच्या त्याच्या घरी पोचलो. गॅरेज पाहून माझं मन भरून आलं. गाडी बाहेर उन्हात आणि आत सागवानासारखं जाडजूड टेबल. टेबलाला बोल्टनं घट्ट बसवलेला लोखंडी हातदाब्या, म्हणजे प्रेस. दांडा खाली ओढला की मधला खांब वर येतो, एवढीच त्याची करामत. वरच्या भोकात जी आटेवाली नळी बसते, ती डाय. मी आपसूक हात पुढे केला. शेजारच्या परातीत पितळी नळकांडी चकाकत होती, त्यातलं एक उचलणार तोच चिरंजीव ओरडले, "बाबा, हात नोको लावा!"

एवढ्या जोरात तो मला त्याच्या लग्नातसुद्धा ओरडला नव्हता.

मग त्यानं कायदा सांगितला. अमेरिकेत पर्यटकाच्या व्हिसावर आलेल्या माणसानं बंदूक किंवा दारूगोळा जवळ बाळगायचा नाही. शिकारीचा परवाना वगैरे असला तर गोष्ट वेगळी. माझ्याकडे होता फक्त मधुमेहाच्या गोळ्यांचा कागद. आणि 1968 च्या त्यांच्या कायद्यात दारूगोळा म्हणजे नुसती भरलेली गोळी नव्हे. आतली दारू, बुडाची टिकली, पुढचं शिसं आणि रिकामं नळकांडंसुद्धा दारूगोळाच. त्या नळकांड्याला हे लोक 'केस' म्हणतात. केसला हात लावला तर केस होईल, असा एकूण प्रकार. माझ्या डोक्यावर केस राहिलेले नाहीत, अंगावर एक घेऊन मुर्रीला परतायची इच्छा नव्हती. हात लावला म्हणजे बाळगलं होतं का, यावर वकील वाद घालतीलही; पण चिरंजीवांना तो वाद माझ्यावर करून पाहायचा नव्हता.

"मग मी पाहू काय नुसता?"

"डायला लावा ना हात. डाय काही दारूगोळ्यात येत नाही. ते औजार."

मला एवढंच पाहिजे होतं. धानाला हात न लावता मिल चालवून दाखवा, असं कोणी म्हटलं असतं तर मी तेही केलं असतं.

आता डाय म्हणजे काय, हे सौभाग्यवतीला समजावण्यात माझी अर्धी संध्याकाळ गेली असती, पण गॅरेजच्या दारातूनच एक नजर टाकून ती म्हणाली, "सोऱ्या हाय हा." आणि पोळ्या लाटायला निघून गेली. खरं म्हणजे तेच. पिस्तुलाच्या गोळीला असे तीन-चार सोरे लागतात. गोळी उडाली की केस फुगते, बंदुकीच्या पोटाला टेकेल एवढी. पहिली डाय तिला पुन्हा अंगासरशी आवळते आणि त्याच झटक्यात बुडाची जळकी टिकली टोचून पाडते. दुसरी डाय केसचं तोंड किंचित उमलवते, गोणीत धान भरताना तोंड उघडं धरतात तसं. जास्त उमललं तर पितळ चिरतं. मग दारू पडते. तिसरी डाय शिसं आत बसवते आणि उमललेलं तोंड पुन्हा मिटते.

जुनी पोलादी डाय बदलून नवी कुठली घ्यावी यावर चिरंजीवांनी महिनाभर विचार केला होता. मला पाच मिनिटं लागली. साधी पोलादी डाय स्वस्त, पण प्रत्येक केसला आधी वंगण चोळा, नंतर ते पुसा. दुसरीत टंगस्टन कार्बाइडची कडी असते, तिला वंगण लागत नाही. लेथच्या टूलच्या टोकाला असतं तेच कार्बाइड. मी म्हटलं, कार्बाइडच घे. दोनशे केसा तेल लावून पुसत बसलास तर बायको एक दिवस तुलाही पुसून काढेल. दुसरा प्रश्न तीन डायांचा संच की चारांचा. तीनवाल्यात शिसं बसवणं आणि तोंड मिटणं एकाच डायमध्ये, एकाच दाबात होतं. ते ऐकल्याबरोबर मला जुनं हलर आठवलं. हलर एकाच पोटात धान सोलायचं आणि तांदूळही घासायचं. दोन कामं एकदम, म्हणून कणी ढिगानं. शेलर आणि पॉलिशर वेगळे झाले तेव्हा कुठे गोंदियाचा तांदूळ अख्खा निघायला लागला. "दोन कामं दोन डायांना दे," मी म्हटलं, "चारचा घे." तोच घेतला. चिरंजीवांनी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे इंजिनिअरनं मिस्त्रीकडे पाहावं तसं पाहिलं, म्हणजे जरा घाबरून.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. जवळजवळ कुठल्याही कंपनीची डाय कुठल्याही कंपनीच्या प्रेसमध्ये बसते. बहुतेकांचे आटे एकच: पाऊण इंच आणि वर एक सूत, म्हणजे सात अष्टमांश इंच जाडी, इंचाला चौदा आटे. यातला एक मोठा कारखानदार, फ्रेड हंटिंग्टन, 1943 मध्ये कॅलिफोर्नियात वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत कामाला लागला. म्हणजे पुढे लोकांचे कपडे, मागे पोराची डाय. त्याच्या बापानंही "हात नोको लावू" म्हटलंच असेल, फक्त उलट्या कारणासाठी. तरी आटे एकच ठेवले पठ्ठ्यांनी. इकडे एकाच गावातल्या दोन मिलांचे बोल्ट एकमेकांत गेले, असं मी अडतीस वर्षांत पाहिलं नाही.

तर इंचाला चौदा आटे. म्हणजे डाय एक पूर्ण फेरा फिरवली की खाली येते एक पॉइंट आठ मिलिमीटर. पाव फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटरही नाही, नखाच्या जाडीएवढं. हे गणित चिरंजीवांनी फोनवर केलं, मी बोटावर. पहिली डाय मी लावली. खांब पूर्ण वर, डाय हातानं फिरवत खाली टेकेपर्यंत आणली, मग मध्ये कागद जाईल एवढी मागे घेतली. कार्बाइड कडक असतं, पण काचेच्या जातीचं. खांबावर आपटलं की टवका उडतो. मग डाय जागच्या जागी धरणारा चेक नट. चेक नट आवळताना डाय स्वतः फिरू द्यायची नाही, ही खरी विद्या. चिरंजीवांना ती आय. टी. वाल्या हातांनी जमत नव्हती.

मग सुरू झालं. तो दांडा ओढायचा, व्हर्निअर लावायचा, आकडा सांगायचा. मी हात पाठीमागे बांधून हुकूम सोडायचो: "पाव आटा खाली!" "अजून पाव आटा!" तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा सौभाग्यवती कणकेची वाटी घेऊन गॅरेजच्या दारात उभी. "अजी, पाव आटा पाव आटा काय लावून रायले? डब्यात किलोभर हाय. जेवून तर घ्या आधी." आमच्या गोंदियात हिंदी घरात घुसून बसलेली, आटा म्हणजे तिच्या लेखी कणीकच. सूनबाई पुण्याची. ती हसून जमिनीवर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

दारू घालताना मात्र चिरंजीवांनी मला गप्प बसवलं. एका केसमध्ये चुकून दोनदा दारू पडली तर बंदूक आणि हात दोन्हींचा हिशेब होतो, आणि बोलणारा माणूस शेजारी असला की तसं होण्याचा संभव वाढतो. मी पंधरा मिनिटं बोललो नाही. सौभाग्यवती म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदाच.

आणि मग चौथ्या डायवर माझी फजिती झाली. तोंड मिटण्याची ती डाय. नव्वद टक्के काम सुरेख झालेलं, उत्साह चढलेला. मला वाटलं, शिसं हलायला नको, जरा दाबून मिटलेलं बरं. सांगितलं, अर्धा फेरा खाली. चाळीस गोळ्या झाल्या. चिरंजीवांनी एक गोळी उचलून टेबलाच्या कडेला टेकवली आणि अंगठ्यानं दाबली. शिसं आत सरकलं. माझा विश्वास बसेना. आवळलं तर सैल कसं झालं?

त्याचं कारण असं. पितळ स्प्रिंगसारखं असतं, दाब काढला की थोडं मागे येतं. आतलं मऊ शिसं येत नाही, ते चेंगरून बारीक होऊन बसतं. म्हणजे जास्त दाबलं की पितळ मागे फिरतं, शिसं फिरत नाही आणि मध्ये फट राहते. असं शिसं बंदुकीत आत ढकललं गेलं तर जागा कमी होते, दाब भलताच वाढतो. शिवाय या 9 मिलिमीटरच्या गोळीला मागे रिव्हॉल्व्हरच्या गोळीसारखी बाहेर आलेली कडा नसते. ती बंदुकीत आपल्या तोंडाच्या काठावरच टेकून उभी राहते. काठच मिटून टाकला तर टेकणार कशावर? म्हणून रिव्हॉल्व्हरच्या गोळीचं तोंड आत वळवून मुडपतात, हिचं नुसतं सरळ करायचं. उमललेलं तेवढं परत, बस. काठाशी जाडी 9.65 मिलिमीटरच्या वर नको, आणि खाली फार नको.

थोडक्यात, आवळू नोको. आवळनं सोपं हाय. अडतीस वर्षं जे वाक्य पोरांच्या कानात ओतलं, ते पोरानं मला मराठीत, झाडीबोलीच्या हेलासकट, ऐकवलं. लहानपणी मिलमध्ये डबा घेऊन यायचा तेव्हा ऐकत असला पाहिजे.

त्या चाळीस गोळ्या मोडायला हातोडीसारखं एक औजार असतं. गोळी त्याच्या डोक्यात घालायची आणि दगडावर आपटायचं. दोन-तीन ठोक्यांत शिसं सुटून पडतं. चाळीस गोळ्या म्हणजे शंभरावर ठोके. चूक माझी आणि ठोके त्याचे, कारण मी हात लावू शकत नव्हतो. मला शिक्षा करायची सोयच त्या देशाच्या कायद्यात नव्हती. मी खुर्ची घेऊन बसलो आणि ठोके मोजले.

दुसऱ्या दिवशी चौथी डाय पुन्हा लावली. या खेपेला आट्याचा आठवा हिस्सा, मग त्याच्याही निम्मा. पारख करायला चिरंजीव पिस्तुलाची नळी सोडवून टेबलावर उभी धरायचे आणि गोळी वरून आत सोडायचे. नीट झालेली गोळी 'टक्' करून बसते आणि नळी उलटी केली की आपल्या वजनानं बाहेर येते. बिघडलेली 'थप्' करते आणि अडून राहते. तो व्हर्निअर शोधायच्या आत मी डोळे मिटून सांगायचो, ही चांगली, ही नाही, ही चांगली. मिलच्या दारातून आत न जाता कुठला रोल झिजला हे सांगणारा कान आहे हा. कानाला व्हिसा लागत नाही.

पैसे वाचले का, असं कोणीही विचारेल. गोळी स्वस्त पडायला लागली तसा पोरगा दोनशेच्या ठिकाणी साडेतीनशे उडवायला लागला. घरच्या चकल्या बाहेरच्यापेक्षा स्वस्त पडतात म्हणून आम्ही दिवाळीत किती खातो, तोच हिशेब.

निघताना चिरंजीवांनी जुनी पोलादी डाय कागदात गुंडाळून दिली. टेबलावर कागद दाबायला ठेवा म्हणाला, आठवण म्हणून. मी घेणारच होतो. मग त्यानंच फोनवर आपला कायदा काढला आणि गप्प झाला. आपल्या 1959 च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येत, गोळ्या बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा येते. म्हणजे डॅलसमध्ये केसला हात लावायचा नाही पण डाय चालते, आणि मुंबईच्या विमानतळावर उतरलो की डायच दारूगोळा. विनापरवाना गोळ्या बनवण्याला तर 2019 पासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. विदर्भ एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन झालेलं होतं, ते वाया घालवायचं नव्हतं. डाय तिथंच राहिली.

चौथ्या डायचा चेक नट मी आवळलेला आहे. दर रविवारी फोन आला की जेवणखाण विचारायच्या आधी मी त्याला तेवढंच सांगतो, त्याला हात नोको लावू.