ऐकतंय ते!

आमच्या शेजारी नववा महिना लागलाय. बायकोला कमी, नवऱ्याला जास्त.

ही जमात तुमच्याही सोसायटीत असणारच. पूर्वी बायको डोहाळजेवणाच्या झोपाळ्यावर बसली की नवरा गॅलरीत पेपर उघडून बसायचा. आता हा गर्भसंस्काराच्या वर्गात वही घेऊन पहिल्या रांगेत. परवा लिफ्टमध्ये मी टँकरवाल्याला दोन शिव्या हासडत होतो, तर याने ओठांवर बोट ठेवलं आणि बायकोकडे डोळ्यांनी खूण केली. "काका, ऐकतंय ते!"

पार्किंगच्या सभेत खजिनदार रंगात येऊन 'चोर' या शब्दापर्यंत पोचले होते. हा उभा राहिला. "ऐकतंय ते!" खजिनदारांनी आवंढा गिळला आणि समोरच्याला 'गैरसमज झालेले गृहस्थ' म्हटलं. रिक्षावाल्यालाही याने तेच सांगून हॉर्न बंद करायला लावला. तो बिचारा वळून म्हणाला, "कोण?"

सकाळी भूपाळी, दुपारी सतार, संध्याकाळी मोझार्ट. मोझार्टचं मी समजावून पाहिलं. अरे, १९९३ साली 'नेचर'मध्ये आलेल्या त्या प्रयोगात कॉलेजची ३६ पोरं होती, पोटातलं एकही नव्हतं. दहा मिनिटं दोन पियानोंचा सोनाटा ऐकून ती आकृत्यांच्या कोड्यांत जरा सरस ठरली आणि पाव तासात सगळं ओसरलं. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीत भेट द्यायला सरकारी पैसा मागितलाच.

"म्हणजे सरकारचाही विश्वास आहे!" हा खूश.

मग मी बेलफास्टचं अस्त्र काढलं. तिथल्या पीटर हेपर या मानसशास्त्रज्ञांना १९८८ मध्ये असं आढळलं, की गरोदरपणात 'नेबर्स' ही मालिका नेमाने पाहिलेल्या आयांची बाळं जन्मल्यावर तिची धून लागली की शांत होतात. याचा चेहरा पांढराफटक. आमच्या घरात रोज साडेसातला मालिका लागते आणि मधली भिंत पातळ. लगेच हात जोडून दारात हजर. "काकू, ऐकतंय ते!" तेव्हापासून आमची मालिका मुकी आहे. सासू सुनेला काय म्हणाली ते हिला ओठांवरून ताडावं लागतं, आणि तिचे तर्क मला रात्री ऐकावे लागतात. ते मूळ संवादांहून भयंकर असतात.

अभिमन्यू हे याचं दैवत. सुभद्रेला झोप लागली आणि पोराचं चक्रव्यूहातून बाहेर पडणं राहिलं, हा ठपका त्या बाईवर अजून आहे. दिवसभर दमलेल्या गरोदर बाईला रात्री युद्धशास्त्र ऐकवणाऱ्याला मात्र कुणी बोल लावत नाही. शेजारची सुभद्राही पहिल्याच पानाला झोपते. हा वाचत राहतो.

पातळ भिंतीतून तेही ऐकू येतं. इंग्रजी माध्यमात शिकलेला गडी, मराठी जोडाक्षराला ठेचकाळतो. चुकला की वाक्य पहिल्यापासून घेतो. बाळापर्यंत आईचा आवाज जास्त नीट पोचतो, तुमचा जरा पुसट, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर दोन दिवस तोंड पाडून होता. आता खालच्या पट्टीत, सावकाश वाचतो. आमच्या तीर्थरूपांनी मला काही वाचून दाखवल्याचं आठवत नाही. पोटात असताना सोडाच, बाहेर आल्यावरसुद्धा. परवा 'कर्तृत्वा'शी याची झटापट फारच लांबली, तेव्हा अलीकडून मीच तो शब्द पुटपुटलो. ऐकू गेला नसावा.

काल ही त्यांच्याकडे लोणचं द्यायला गेली होती. म्हणाली, "दिवस भरत आले गं, धास्ती वाटते का?"

"धास्ती नाही हो, काकू. लग्नाला चार वर्षं झाली, हा कधी सातच्या आत घरी आला नव्हता. तारीख थोडी पुढे गेली तरी चालेल मला."