दारावरच्या जप्ती आदेशास, सप्रेम

माननीय तात्पुरता जप्ती आदेश,
सा. न. वि. वि.

आपण आमच्या दारावर चिकटलात, त्याच आठवड्यात आम्ही नवरा-बायको घराची वाटणी उरकणार होतो. संसार आधीच मोडला होता, उरला होता तो दोघांच्या नावावरचा टू बीएचके. वकीलबाईंनी बजावलं होतं, आधी बक्षीसपत्र, मग घटस्फोट. नवऱ्याने राहत्या घराचा वाटा बायकोला बक्षीस दिला तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये (वर अधिभार वगैरे). घटस्फोट झाला की आम्ही परके, मग दर परक्यांचा. तेवढ्यात यांच्या धंद्यातली भानगड 2002 च्या मनी लाँडरिंग कायद्यात अडकली आणि आपलं आगमन झालं.

आपली मुदत 180 दिवसांची, हे वाचून हायसं वाटलं. परस्परसंमतीच्या घटस्फोटालाही सहा महिने थांबवतातच की! पण ते सहा महिने माफ होऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं आहे. आपल्यावर मात्र अ‍ॅडज्युडिकेटिंग अथॉरिटीचा शिक्का बसला की 180 दिवस खटला संपेपर्यंत पुरतात. दिवाणी न्यायालयात जाऊ म्हटलं, तर याच कायद्याचं कलम 41 दारातच उभं.

तरी आपण निष्ठुर नाही. जप्त घराच्या उपभोगाला कलम 5(4) आडकाठी करत नाही. तो मी मनसोक्त घेते आहे. पाच तारखेला गृहकर्जाचा हप्ता उपभोगते, दहाला सोसायटीचा मेंटेनन्स, शिवाय पालिकेचा मालमत्ता कर. अंतिम आदेशाआधी घराचा ताबा घेणं हा अपवाद असावा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या निकालात आहे. त्या अपवादात आपला नंबर लागू नये म्हणून मी हल्ली वॉचमनशीसुद्धा अदबीने बोलते.

या कायद्याखालच्या 2013 च्या नियमांत तर खास माझ्यासारखीची सोय आहे. घर संयुक्त नावावर असेल तर संशयिताच्या वाट्याइतकी मुदत ठेव अधिकारी स्वीकारू शकतात. वाट्याची किंमतही तेच ठरवणार. म्हणजे जे अर्धं घर मला 200 रुपयांच्या मुद्रांकावर मिळणार होतं, त्याच्या किमतीची ठेव आता मीच उभी करायची! एवढे पैसे असते तर यांच्याशी वाटणीची बोलणी करत बसले असते का?

माझी मावसबहीण गोव्यात दिली आहे. तिकडे वेगळा करार केला नसेल तर पोर्तुगीजांच्या 1867 च्या संहितेने लग्नाबरोबर अर्धा वाटा आपसूक मिळतो. मी घराच्या करारनाम्यात नाव घालून घेण्यासाठी सासऱ्यांशी वर्षभर भांडले होते. तिला हे सांगितलं की ती नुसती हसते.

असो. आता एक तातडीचं. बाथरूमच्या भिंतीतून खाली ओल उतरते आहे आणि खालचे काका रोज बेल वाजवतात. भिंत फोडायला परवानगी कुणाची लागेल? माझ्या अर्ध्याची मी दिली आहे. पण प्लंबर म्हणतो, पाइप आपल्या अर्ध्यात फुटलाय.

आपली नम्र,
सहमालकीण