डबीकर

झणझणीत पेपरमिंटच्या गोळ्या वाटत एखादे गृहस्थ जिना उतरू लागले की समजावं, यांच्याकडे नवा अँप्लिफायर होऊ घातलाय. गोळ्या आल्टॉइड्सच्या, अमेरिकेतल्या मेव्हण्याकरवी मागवलेल्या. त्या सोसायटीत कुणालाच आवडत नाहीत, डबीकरांनाही नाहीत. त्यांना हवी असते ती पत्र्याची डबी. ती रिकामी व्हावी म्हणून वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांनी डोळ्यांतून पाणी काढायचं.

मूळ आडनाव गोखले असो की गायकवाड, हे सगळे डबीकरच. वय साठीच्या अल्याडपल्याड. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर, तर्जनीवर चटक्याचा जुना डाग. नोकरी बँकेत झालेली, पण जीव कायम सोल्डरच्या धुरात.

या मंडळींचं दैवत म्हणजे चू मॉय नावाचे एक हौशी गृहस्थ. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी खिशात मावेल अशा हेडफोन अँप्लिफायरचं सर्किट जगाला फुकट देऊन टाकलं. लोकांनी ते पेपरमिंटच्या डबीत बसवलं आणि त्याला त्यांच्याच नावावरून ‘सीमॉय’ म्हणू लागले. आत फार काही नसतं : एक आयसी, मूठभर रेझिस्टर आणि कंडेन्सर, नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. आयसीला प्लस आणि मायनस असा दोन्हीकडून पुरवठा लागतो आणि बॅटरी तर एकच. म्हणून दोन सारखे रेझिस्टर लावून तिचे साडेचार-साडेचार असे दोन वाटे करायचे. “ही वाटणी कोर्टात न जाता होते,” असं डबीकर दर वेळी म्हणतात आणि दर वेळी एकटेच हसतात.

हे सगळं कशासाठी, तर तीनशे ओमच्या हेडफोनसाठी. झेनहायझरचा एचडी ६५० त्यांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतला, हे घरी सगळ्यांना ठाऊक आहे. किंमत कुणालाच नाही. मोबाइल त्याला पुरेसे व्होल्ट देत नाही, आवाज मरतुकडा येतो, म्हणून अँप्लिफायर. भाच्याने एकदा बोटाएवढा तयार डोंगल आणून त्यावर तोच हेडफोन ठणठणीत वाजवून दाखवला होता. डबीकरांनी तो डोंगल हातात घेऊन उलटसुलट केला. “उघडता येत नाही,” असा निकाल दिला आणि परत केला.

खरेदी पुण्यात, तपकीर गल्लीत. तिथला संवाद मला पाठ आहे.

“ओपीए २१३४ आहे?”

“आहे.”

“ओरिजिनल?”

“साहेब, नंबर तोच आहे ना!”

यावर डबीकर खिशातून भिंग काढतात आणि मग सुनेचं नेलपॉलिश रिमूव्हर. कारण नकली माल करणारे साध्या आयसीवरचा नंबर घासून, वर काळा थर चढवून महागड्या आयसीचा नंबर छापतात. ॲसिटोनने पुसलं तर तो थर कधीकधी कापसावर उतरतो. “पुसा,” दुकानदार शांतपणे सांगतो, “पण नंबर गेला तर माल तुमचा.” एवढ्या पेचात भलेभले मागे फिरतील. डबीकर तिथेच उभं राहून पुसतात, आणि एरवी रिक्षाच्या मीटरवर शंका घेणारा हा माणूस पैसे मोजून काळा कापूस घरी आणतो.

डबी पत्र्याची, त्यामुळे आत काही कुठे टेकलं की शॉर्ट. म्हणून तळाशी अस्तर हवं. त्याला लग्नपत्रिकेचा जाड कागद सर्वांत उत्तम, असं संशोधन आहे. हल्ली कुणी मोबाइलवर आमंत्रण पाठवलं तर डबीकर खरोखर दुखावतात. त्यांचा ताजा अँप्लिफायर उघडला तर बॅटरीखाली ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ एवढं वाचता येतं.

इथवर सगळं सुखाचं. खरी पंचाईत पुढे आहे, आणि ती डबीत नाही. साठीच्या माणसाला बारा हजार हर्ट्झच्या पुढचं सहसा ऐकू येत नाही. जिथे अँप्लिफायरची नजाकत शोधायची, तिथे कानच संपलेले. डबीकर टेस्ट टोन लावून बसतात, एका टप्प्यावर सगळं शांत होतं, आणि ते कंडेन्सर बदलतात. पुन्हा शांत. पुन्हा कंडेन्सर. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचा पोरगा येतो, हेडफोन कानाला लावतो आणि “काका, केवढी कर्कश शिट्टी!” म्हणून फेकतो. “तीच तर बघत होतो,” डबीकर म्हणतात.

तेव्हापासून ते कान उसने मागतात. पोस्टमन, इस्त्रीवाला, गॅसचा मीटर बघायला आलेला मुलगा, कुणीही चालतं. बसवायचं, हेडफोन चढवायचा, किशोरीताईंचा भूप लावायचा, आणि विलंबित जेमतेम रंगू लागलं की बंद करून विचारायचं, “फरक कळला?” कशातला, हे सांगायचं नाही, सांगितलं तर मत दूषित होतं. उत्तरं वहीत, ‘अभिप्राय’ या रकान्यात. पोरगा : भारी. इस्त्रीवाला : चांगलं आहे, पण बाई गातात तरी कधी?

एका माणसाला मात्र ते कधी विचारत नसत. वहिनी संगीत विशारद आहेत, आणि त्यांना खरोखर कळतं.

परवा मी तिथे असताना त्यांनी आपण होऊनच भाजी निवडता निवडता हेडफोन चढवला. मिनिटभरात म्हणाल्या, “अहो, या उजवीकडे सरकून का बसल्यात?”

डबीकरांचा चेहरा उतरला, कारण बरोबर होतं. त्यांनी गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, ठेवला होता अकरा पट, दहा किलोओम भागिले एक, अधिक एक. इतका की व्हॉल्यूमचं बटण पाव वळसाही फिरवता येत नव्हतं. आणि त्या बटणामागच्या स्वस्तातल्या दुहेरी पॉटचे दोन भाग अगदी सुरुवातीला एकमेकांशी जुळत नाहीत. डावा कान उपाशी राहतो.

“अकरा पट कशाला?” वहिनी म्हणाल्या. “ऐकायचंय ना? की गणपतीत लावायचंय?”

सोल्डरिंग आयर्न तापलं. एक किलोओमचा रेझिस्टर निघाला, चार पॉइंट सातचा बसला, गेन तिपटीवर आला. बटण अर्ध्यापर्यंत मोकळं फिरू लागलं. वहिनींनी पुन्हा हेडफोन चढवला आणि मोबाइलही स्वतःकडे घेतला. डबीकर वही उघडून समोर बसले.

“फरक कळला?”

उत्तर नाही.

“अगं, बाई मध्ये आल्या का?”

मेथीची जुडी तशीच राहिली. किती वेळ गेला कोण जाणे, मी चहा संपवून कपही विसळून ठेवला. डबीकरांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा वहिनींनी एका कानावरचा हेडफोन किंचित उचलला. “गप्प बसा हो. या घरात पहिल्यांदा ‘सहेला रे’पर्यंत पोचलेय.”

डबीकरांनी वहीत तारीख घातली. गेनच्या रकान्यात ‘तिप्पट’ लिहिलं आणि अभिप्रायाच्या रकान्यात, सुवाच्य अक्षरात, ‘गप्प बसा’.