आवडती, नावडती आणि मेजर

आटपाट नगरच्या राजाला दोनच राण्या असायच्या, एक आवडती आणि एक नावडती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बी.ए.च्या विद्यार्थ्याच्या पदरी थेट तीन घातल्या आहेत. महाराष्ट्रात काही ठिकाणी एफ.वाय.ला तीन विषय सारख्याच मानाने नांदवायचे आणि एस.वाय.ला एकीला मेजर म्हणून पट्टराणी करायचं, दुसरीला मायनर म्हणून माजघरात ठेवायचं, तिसरीची माहेरी पाठवणी करायची. पूर्वी यालाच 'स्पेशल घेणं' म्हणत. नाव बदललं, पेच तोच. अशा वेळी जो तो सांगतो, 'आवडीचा विषय घे.' माझं म्हणणं उलट आहे: आवड पाहू नका, कंटाळा पाहा.

कारण आवड असते ती विषयाच्या दर्शनी भागाची. इतिहास आवडतो म्हणणाऱ्याला बहुधा आग्र्याहून सुटका आवडते; मेजर घेतल्यावर गाठ पडते रयतवारी आणि कायमधाऱ्याशी. मानसशास्त्र घेणाऱ्याला लोकांची मनं ओळखायची असतात, हाती येतं प्रमाण विचलन. अर्थशास्त्रातला अर्थ तर खिशात येतच नाही, मागणीच्या वक्रावर घसरत राहतो. पुरणपोळी सगळ्यांनाच आवडते. पुरण वाटायला कोण बसतं ते पाहावं. ज्या विषयाच्या रुक्ष प्रकरणात जांभई येते पण पुस्तक मिटवत नाही, तोच आपला. आणि ही परीक्षा घ्यायला एफ.वाय.चं अख्खं वर्ष मिळालेलं असतं.

कुणी म्हणेल, एकोणिसाव्या वर्षी जन्माचा निर्णय कसा घ्यायचा? अठराव्या वर्षी आपण सरकार निवडतो, तेव्हा ही काळजी कुणी करत नाही. नोकरीचं म्हणाल, तर राज्यसेवेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. शिवाय मेजर जन्माला पुरतं, हेच मुळात खरं नाही. एकट्या कर्वे घराण्याकडे पाहा. महर्षी धोंडो केशव फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत, नाव झालं स्त्रीशिक्षणात. चिरंजीव रघुनाथरावही गणिताचेच प्राध्यापक. १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढून त्यांनी लोकांना गुणाकार आवरायला सांगितलं. सूनबाई इरावती तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या आणि मानववंशशास्त्रात गाजल्या. तेव्हा तिसऱ्या विषयाला निरोप देताना फार तोडून बोलू नये. कहाणीतही शेवटी दिवस पालटतात ते नावडतीचेच.