थोडीशीच द्या

चहाला नाही म्हणणारा माणूस भंडारा जिल्ह्यात सापडणं कठीण. कॉफीला सरळ हो म्हणणाराही कठीणच. या दोघांच्या मध्ये जो भलामोठा समाज राहतो, त्याचे प्रतिनिधी म्हणजे गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि साकोलीपासून तुमसरपर्यंत नात्यागोत्यातल्या एकूणएक लग्नाला हजर. नाव सांगत नाही. तुमच्याही घरी ते येऊन गेलेले आहेत.

बैठकीत गुरुजी टेकले की आतून प्रश्न येतो, ‘‘चाय घेता का कॉफी?’’ गुरुजी आधी पंख्याकडे बघतात, मग घड्याळाकडे, मग सोबत आलेल्या माणसाकडे. ‘‘काहीपन चालते जी,’’ म्हणतात. यजमानीणबाई कॉफी ठेवतात, कारण कॉफी म्हणजे मान. चहा काय, सिलिंडर आणून देणाऱ्यालाही मिळतो. गुरुजींना मान हवा असतो, कॉफी नको असते, आणि दोन्ही एकाच कपात येतात. मग ते हात पुढे करून म्हणतात, ‘‘थोडीशीच द्या.’’ थोडीशी कॉफी आली की बशीत ओततात, फुंकर घालतात, एका दमात संपवतात आणि वर विचारतात, ‘‘आता चाय होऊन जाऊ द्या ना!’’

कॉफीची बाटली त्यांच्या स्वतःच्या घरीही आहे. फडताळात, कापराच्या डबीशेजारी. उन्हाळ्यात आणलेली ही बाटली धानाची रोवणी सुरू झाली की ओल धरते आणि पोळ्यापर्यंत तिचा दगड होतो. दसऱ्याला जावई आले की सुरीच्या टोकाने तिच्यातून खडा उकरायचा. खडा मोठा निघाला तर कॉफी कडू, लहान निघाला तर नुसतं गोड दूध. जावयांचं मत मोठ्या खड्याने झालेलं असल्यामुळे तेही आता चहाच मागतात.

एकदा जावयांनी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं. आत सत्तर टक्के कॉफी आणि तीस टक्के चिकोरी. ही चिकोरी म्हणजे भाजून दळलेलं मूळ. ती रंग देते, दाटपणा देते, शिवाय कॉफीपेक्षा स्वस्त पडते. कायदा तर मिश्रणात 49 टक्क्यांपर्यंत चिकोरी घालू देतो. हे ऐकून दुसरा कोणी चिडला असता. गुरुजींना धीर आला. ‘‘मुळी हाये का? मंग औषधच झालं.’’

गुरुजींचा कॉफीवर खरा आरोप झोपेचा आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम लागला की हेच गृहस्थ लाखांदूरकडे जाऊन रात्रभर मंडपात बसतात, प्रवेशाप्रवेशाला चहा घेतात, पहाटे शेवटचा पडदा पाहून घरी येतात आणि आंघोळीआधी तासभर घोरतात. पण संध्याकाळी पाचनंतर चमचाभर कॉफी पोटात गेली तर ‘‘डोळ्याले डोळा लागत नाही’’. चहाच्या कपात कॉफीच्या साधारण निम्मं कॅफिन असतं. गुरुजी दिवसाला आठ कप चहा पितात, म्हणजे चार कॉफ्या रोज बिनबोभाट पचवतात. हा हिशेब मी त्यांच्यासमोर मांडला होता. गणिताचे शिक्षक असूनही त्यांनी तो तपासायला घेतला नाही.

गुरुजींच्या सौभाग्यवतींनी यावर आपला तोडगा काढलेला आहे. कॉफीत जायफळ किसून घालायचं. जायफळाने झोप येते हे आपल्याकडे पाळण्यातल्या बाळालाही ठाऊक असतं. कॉफी जागवणार, जायफळ निजवणार, दोघांचं आपसात काय व्हायचं ते होवो. आपण मधल्या मधे गोड दूध पिऊन मोकळे. मला स्वतःला ही जायफळाची कॉफी फार आवडते. कॉफीच्या जाणकारांपुढे मात्र मी ते बोलत नाही.

मागे जावई सहज बोलून गेले की कॉफी विदर्भातही पिकते, चिखलदऱ्याला, इंग्रजांच्या काळापासून. गुरुजींच्या कानावर यातलं ‘चिखल’ एवढंच नीट पडलं, आणि भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला चिखल म्हटलं की तुमसर तालुक्यातलं चिखला आठवतं. ‘‘चिखल्याले? तिथं तर मँगनीज निघते!’’ मग त्यांचं त्यांनीच जुळवलं. मँगनीज काळं, कॉफी काळी. त्याच तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलात वापरतात, हे तर त्यांनी सातवीच्या पोरांना शिकवलेलं. सेलातला मसाला पोटात गेल्यावर माणसाला झोप कशी लागायची? जावयांनी नकाशा काढून मेळघाट दाखवला, चिखलदरा अमरावती जिल्ह्यात असल्याचं सांगितलं. गुरुजींनी नकाशा नीट घडी करून परत दिला. शंका ठेवून घेतली.

आता या सगळ्याला एक मोठा अपवाद आहे, तो म्हणजे रिसेप्शन. डिसेंबरातली थंडी, लॉन, आणि कोपऱ्यात ते फुर्रर्र करणारं यंत्र. खाली गॅस, वर पाण्याची टाकी, बाजूला वाफेची नळी. पोरगा मगात दूध, साखर आणि पुडीतली पावडर घेतो, नळी बुडवतो, फेस वर येतो, आणि फेसावर चॉकलेटची भुकटी भुरभुरतो. याला आपल्याकडे एस्प्रेसो म्हणतात. गुरुजी ही एस्प्रेसो पाव-भाजीच्या आधी एकदा आणि आइस्क्रीमच्या नंतर एकदा घेतात, वेळ रात्री अकराची असली तरी. लग्नातल्या कॉफीने झोप जात नाही, असं त्यांचं निरीक्षण आहे.

या यंत्रानेच त्यांचा घात केला. पुतण्याने त्यांना नागपूरच्या एका मॉलमध्ये नेलं. समोरच्या फळ्यावर पंधरा-वीस नावं, त्यातलं ओळखीचं एकच, आणि ते सगळ्यांत स्वस्त. गुरुजींनी रुबाबात एस्प्रेसो मागितली. बाहुलीच्या भातुकलीतला असावा एवढा कप आला. तळाशी काळंभोर पाणी, तीसेक मिली. गुरुजींनी ते वाकून पाहिलं आणि पोराला अदबीने विचारलं, ‘‘हे चाखाले देल्ली का जी? चांगली लागली तर घेऊ.’’

पोरगा बिचारा सभ्य होता. त्याने सांगितलं, खरी एस्प्रेसो हीच. बारीक दळलेली कॉफी दाबून भरायची आणि हवेच्या दाबाच्या नऊपट दाबाने तिच्यातून गरम पाणी पंचवीस-तीस सेकंद काढायचं. फळ्यावरची बहुतेक नावं म्हणजे याच कपाचा पुढचा संसार. गुरुजींनी घोट घेतला. त्यानंतर त्यांनी पाणी मागितलं, ते आल्यावर आणखी मागितलं. परतीच्या साठेक किलोमीटरांत मौदा येईपर्यंत ते काही बोलले नाहीत.

पण माणूस चिवट. बंगळुरूला मुलाकडे गेल्यावर त्यांनी स्वतःहून विषय काढला, ‘‘त्या फळ्यावरच्या बाकीच्या कशा असतात रे?’’ मुलगा त्यांना रोज एक पाजत गेला आणि गुरुजी वह्या तपासल्यासारखे शेरे देत गेले. अमेरिकानो, म्हणजे त्याच एस्प्रेसोत गरम पाणी: ‘‘कप इसळून देल्ला.’’ कॅपुचिनो, कॉफीवर गरम दूध आणि वर जाड फेस: ‘‘फेस लग्नातलाच, साखर कोनं खाल्ली?’’ लाटे, त्याहून जास्त दूध आणि फेस नावापुरता: ‘‘दूध चांगलं हाये. म्हशीचं का?’’ मोका, चॉकलेट घातलेली: ‘‘ही पास.’’ कोल्ड कॉफी त्यांनी स्ट्रॉचा आवाज येईपर्यंत ओढली आणि मग विचारलं, ‘‘यात कॉफी कुठं होती?’’ माझं विचाराल तर काठावरच्या माणसाने सुरुवात लाटे किंवा मोकापासूनच करावी, साखर बिनधास्त घालावी आणि शेजारच्या टेबलाकडे बघू नये. सगळ्यांच्या पोटात तीच तीस मिली असते. भांडण फक्त दूध-पाण्याचं.

गुरुजी पुरते विरघळले ते मात्र फळ्यावर नसलेल्या कॉफीने. मुलाच्या शेजारी एक तमिळ कुटुंब. तिथल्या आजींनी फिल्टर कॉफी आणली, पितळी पेल्यात, खाली पितळी वाटी. गुरुजींनी कॉफीकडे पाहिलंच नाही. भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांचं गाव. तिथल्या माणसासमोर पितळ आलं की आधी पितळ. त्यांनी वाटी उचलून वजन केलं, काठावर नखाने टिचकी मारून आवाज ऐकला, आत वाकून पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, ‘‘कल्हई केव्हा केली?’’ मुलाने प्रश्न इंग्रजीत पोचवला. आजी खुलल्या. कुंभकोणमचा जोड आहे, लग्नात आलेला. कल्हईवाला आता मिळत नाही, ही तक्रार दोन्हीकडची एकच निघाली. आजी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात ओतून दाखवत होत्या. वरच्या डब्यात पूड, उकळतं पाणी, खालच्यात थेंबथेंब उतरलेला अर्क आणि मग ताजं उकळतं दूध. म्हणजे बशीत ओतून पिणाऱ्या आपल्या माणसाला हे लोक हसत तर नाहीतच, उलट तशीच रीत पाळतात! बोलता बोलता पेला रिकामा झाला. आजींनी भुवया उंचावल्या. गुरुजींनी पेला पुढे केला, सोबत काहीही न बोलता.

परत येताना ते फिल्टर घेऊन आले. स्टीलचा, कारण पितळी महाग. आता त्यांचं ज्ञान जिल्हाभर हिंडतं. परवा लाखनीच्या एका रिसेप्शनमध्ये ते त्या फुर्रर्र यंत्रापाशी उभे होते आणि पोराला सुनावत होते, ‘‘नऊपट दाब कुठं हाये यात? अर्क कुठं हाये? हे एस्प्रेसोच नाही.’’ मागे रांग वाढत चाललेली. पोराने हातातला मग तसाच धरून विचारलं, ‘‘मंग देऊ का नको, काकाजी?’’

‘‘दे ना बे. अन् फेस जास्त टाक.’’